दार उघडण्याआधी थांबा!
(विद्यार्थ्यांच्या रहस्यपटाची पहिली दोन मिनिटे आणि संकलनाची कला)

आपल्या घरांतील मुले आता सिनेमा नुसता पाहत नाहीत, तो करूही लागली आहेत. मास मीडियाचे शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींना कॉलेजातून काम मिळते, 'एका रहस्यपटाची सुरुवात तयार करून आणा, दोन मिनिटांची.' मग मित्राचा मोबाईल, शेजारच्या मावशींची खोली, चाळीचा जिना आणि एका मैत्रिणीचा अभिनय एवढ्या भांडवलावर दोन दिवसांत शूटिंग उरकते. खरे काम त्यानंतर सुरू होते आणि घरच्यांना ते दिसत नाही. त्यांना दिसते ते एवढेच की, पोरगा कानात इअरफोन घालून कोपऱ्यात बसला आहे आणि एकच जिना पन्नास वेळा पाहतो आहे.

ड्युटीवरून आलेले वडील म्हणतात, "अरे, तेच तेच काय बघत बसलास? अभ्यास कर की!" त्यांचे बोलणे गैर नाही, कारण फी त्यांच्या घामाची असते. पण पालकहो, तो पोरगा करतो आहे तो अभ्यासच आहे. त्याला संकलन म्हणतात, इंग्रजीत एडिटिंग. ह्या कामाला पैसा फार लागत नाही, डोके मात्र पुरेपूर लागते. म्हणून आज त्याची ओळख करून घेऊ.

धक्का वेगळा, उत्कंठा वेगळी

रहस्यपटाचे प्रसिद्ध दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांना १९६२ मध्ये दीर्घ मुलाखत दिली होती. पुढे १९६६ मध्ये तिचे पुस्तक झाले. त्यात त्यांनी एक साधे उदाहरण दिले आहे. दोन माणसे टेबलाशी बसून इकडच्या तिकडच्या गप्पा मारत आहेत आणि एकाएकी टेबलाखाली बॉम्ब फुटतो. प्रेक्षक दचकतो, पण किती वेळ? काही सेकंद. आता हाच प्रसंग दुसऱ्या तऱ्हेने दाखवू. बॉम्ब कोणी ठेवला आणि तो किती वाजता फुटणार, हे प्रेक्षकाला आधीच दाखवून दिले. टेबलावरच्या त्या दोघांना मात्र त्याचा पत्ता नाही. आता त्याच निरर्थक गप्पा ऐकताना प्रेक्षकाचा जीव वरखाली होतो. 'अरे उठा, पळा!' असे त्याला ओरडावेसे वाटते. पहिला प्रकार धक्क्याचा, दुसरा उत्कंठेचा.

ह्यातले मर्म ध्यानात घेतले पाहिजे. उत्कंठा बॉम्बमध्ये नसते आणि अंधारात किंवा रक्तातही नसते. प्रेक्षकाला काय माहीत आहे, पडद्यावरच्या माणसाला काय माहीत नाही आणि ह्या दोहोंमधला वेळ किती लांबवला आहे, ह्यात ती असते. कोणती माहिती कोणाला आणि कोणत्या सेकंदाला द्यायची, हे संकलनाच्या टेबलावर ठरते. म्हणूनच ज्याच्याकडे महागडा कॅमेरा नाही, गाड्या उडवायला पैसे नाहीत, त्या गरिबाच्या पोरालाही उत्कंठा निर्माण करता येते.

तीन मिनिटे वीस सेकंद

हे प्रत्यक्षात कसे दिसते ते पाहायचे असेल, तर ऑर्सन वेल्स यांचा १९५८ चा 'टच ऑफ ईव्हिल' पाहावा. मेक्सिको आणि अमेरिकेच्या सरहद्दीवरचे एक गाव. अगदी सुरुवातीलाच दोन हात टाइम बॉम्बचे घड्याळ लावतात. बॉम्ब एका मोटारीच्या डिकीत जातो. मोटारीचा मालक आणि त्याच्याबरोबरची बाई येतात आणि गाडी गावातून निघते. त्याच रस्त्याने एक नवविवाहित जोडपे पायी चालले आहे. मोटार कधी त्यांच्या पुढे, कधी मागे. गर्दी आडवी येते, चौकीवर थांबावे लागते. सुमारे तीन मिनिटे वीस सेकंद हे सगळे एकाही कटशिवाय चालते. मग स्फोट होतो आणि त्या क्षणी पहिला कट येतो.

आमच्या तरुण मित्रांनी ह्यातून एक गोष्ट शिकावी. संकलन म्हणजे सारखी कात्री चालवणे नव्हे. कुठे कापायचे नाही, हे ठरवणे हाही संकलनाचाच भाग आहे.

ह्या चित्रपटाची पुढची हकीकतही बोधप्रद आहे. निर्मिती कंपनीने वेल्स यांना बाजूला ठेवून चित्रपट परस्पर कापला. तेव्हा वेल्स यांनी ५८ पानांचे टिपण लिहून काय बदलावे ते सविस्तर कळवले. त्यांच्या हयातीत ते पुरतेपणी अमलात आले नाही. १९८५ साली ते वारले. १९९८ मध्ये वॉल्टर मर्च ह्या संकलकाने त्या टिपणाच्या आधारे चित्रपट पुन्हा जुळवला. सुरुवातीच्या दृश्यावर चढवलेली नामावली आणि पार्श्वसंगीत त्यांनी काढून टाकले. त्या जागी रस्त्यावरच्या दुकानांतून, मोटारीच्या रेडिओतून येणारी गाणी ऐकू येऊ लागली. चित्र तेच राहिले, पण आता गाण्याच्या आवाजावरून बॉम्बची गाडी जवळ आली की लांब गेली, हे कळू लागले.

आपल्या चाळीतली दोन मिनिटे

आता हे सगळे आपल्या घरी आणू. समजा, कथा अशी आहे. कॉलेज करून संध्याकाळी दुकानात काम करणारी एक मुलगी रात्री दहा वाजता चाळीत परत येते. तिसऱ्या मजल्यावर खोली. आई रात्रपाळीला गेलेली. खोलीत कोणीतरी आहे.

बहुतेक विद्यार्थी ह्याचा पहिला रफ कट कसा करतात? सुरुवातीलाच काळी सावली, मग सुरा, मग किंचाळी. दोन मिनिटांत चाळीस-पन्नास कट आणि पहिल्या सेकंदापासून कानठळ्या बसवणारे संगीत. मुलांना वाटते, वेग म्हणजे थरार. प्रत्यक्षात प्रेक्षकाला ती मुलगी कोण, ती कुठे चालली आहे आणि तिच्यासाठी आपण का घाबरायचे, हेच समजलेले नसते. ज्या माणसाची ओळखच झाली नाही, त्याची काळजी कशी वाटणार?

तेच शॉट असे लावून पाहा.

पहिली १२ सेकंदे रिकामी खोली. पंखा फिरतो आहे. टेबलावर चहाचा कप, त्यातून वाफ निघते आहे. एक हात येतो, कप उचलतो, पुन्हा ठेवतो. चेहरा नाही.

पुढची २० सेकंदे मुलगी चाळीच्या दारात. फोनवर आईचा आवाज, "पोचलीस का गं?" "हो आई, जिन्यातच आहे. तू कधी येशील?" "मला सकाळ होईल. दाराला कडी लावून घे." एवढ्या साध्या बोलण्यात प्रेक्षकाच्या हाती दोन गोष्टी पडल्या. खोलीत आहे ती आई नव्हे आणि मुलगी एकटी आहे.

मग १५ सेकंदे पहिला मजला. नुसती पावले, जिना, तिचा दमलेला चेहरा. कापण्याची घाई नको.

दुसऱ्या मजल्यावर २५ सेकंदे. शेजारच्या मावशी दारात उभ्या. "जेवलीस का? ये ना, दोन घास खा." मुलगी म्हणते, "नको मावशी, खूप झोप आलीय." प्रेक्षक मनात म्हणतो, 'अगं, जा ना त्यांच्याकडे!' मावशींचे दार बंद होते. सुटकेची एक वाट तिच्यासमोर आली आणि गेली.

आता ६ सेकंदे पुन्हा खोली. तोच कप. वाफ थांबली आहे. कोणीतरी बराच वेळ वाट पाहतो आहे, हे एका शब्दाशिवाय कळले.

२० सेकंदे तिसरा मजला. गॅलरी लांब, तिच्या टोकाला खोली. त्यानंतर १२ सेकंदे दार. ती पर्समधून किल्ली काढते. हात पुढे जातो आणि मध्येच थांबतो. कोयंड्याला कुलूप नाही.

७ सेकंदे तिचा चेहरा. आता आपल्याला जे ठाऊक होते, ते तिलाही ठाऊक झाले. शेवटची ३ सेकंदे काळा पडदा आणि आतून कडी सरकल्याचा आवाज. चित्रपटाचे नाव.

बेरीज करून पाहा, बरोबर १२० सेकंदे होतात. दार उघडलेले नाही, सुरा दिसलेला नाही, कोणी किंचाळलेले नाही. तरी पाहणारा पुढचे पाहिल्याशिवाय उठणार नाही.

इथे नवख्या संकलकाने काही नियम पाळावेत. मुलगी डावीकडून उजवीकडे जिना चढत असेल, तर पुढच्या शॉटमध्ये ती उलट दिशेने जाऊ देऊ नये, नाहीतर ती खाली उतरते आहे की काय, असा घोटाळा होतो. शॉट लांबून सुरू करून हळूहळू जवळ यावे. अगदी जवळचा चेहरा, म्हणजे क्लोज-अप, शेवटासाठी राखून ठेवावा. पहिल्या मिनिटातच तो खर्च केला, तर दारापाशी आल्यावर हातात काही उरत नाही. आणि नियमांची ओढाताण झाली तर काय जपायचे? वर उल्लेखलेल्या वॉल्टर मर्च यांनी चांगल्या कटच्या सहा कसोट्या सांगितल्या आहेत. त्यांत भावनेला त्यांनी शंभरापैकी ५१ गुण दिले. बाकीच्या पाच मिळून ४९. म्हणजे पर्स कोणत्या खांद्यावर होती ही चूक एक वेळ खपेल, पण भीती तुटलेली खपणार नाही.

न दिसणारा शार्क

'पण खलनायक दाखवलाच नाही, तर लोक घाबरतील कसे?' असे मुले विचारतात. त्याला उत्तर १९७५ च्या 'जॉज' ने दिले आहे. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ह्या चित्रपटासाठी यांत्रिक शार्क मासा बनवला होता. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात तो वारंवार बंद पडू लागला. तेव्हा त्याला शक्य तितके न दाखवताच काम भागवावे लागले. चित्रपटाच्या सुरुवातीला रात्रीच्या वेळी एक मुलगी पोहायला जाते. तिच्यामागून निघालेला मुलगा दारूच्या नशेत वाळूतच आडवा होतो. कॅमेरा पाण्याखालून तिच्या पायांकडे पाहतो. एकदम तिला हिसका बसतो. ती जिवाच्या आकांताने झगडते आणि मध्येच कट होतो तो किनाऱ्यावर निवांत पडलेल्या त्या मुलावर. मग समुद्र शांत. शार्क एकदाही दिसत नाही.

त्या एका कटने केवढे काम केले पाहा. मदत हाकेच्या अंतरावर आहे आणि तरी ती येणार नाही, हे प्रेक्षकाला कळले. ह्या चित्रपटाच्या संकलक होत्या व्हर्ना फील्ड्स. त्यांना ह्या कामासाठी ऑस्कर मिळाले. आपल्याकडेही पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या रेणू सलुजा यांनी 'परिंदा' (१९८९) सारख्या थरारपटाच्या संकलनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. त्यांना हा पुरस्कार एकूण चार वेळा मिळाला. संकलन हे मुलींचेही क्षेत्र आहे, हे आपल्या भगिनींनी लक्षात ठेवावे.

कानाने घाबरवा

डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. म्हणून आवाजाकडे दुर्लक्ष करू नये. शूटिंग झाल्यावर त्याच खोलीत सर्वांनी गप्प बसून अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करावी. पंख्याची घरघर, लांबवरची लोकल, नळाचे ठिबकणे. दोन शॉटांमध्ये आवाज तुटला, तर ही शांतता खाली अंथरता येते. कधी पुढच्या शॉटचा आवाज चित्राच्या एक सेकंद आधी आणावा. मुलगी अजून जिन्यात आहे, पण ऐकू येतो तो खोलीतला पंखा. प्रेक्षकाचे मन तिच्याआधी खोलीत जाऊन पोचते. संगीत सुरुवातीपासून वाजवत ठेवू नये. जिथे सगळे आवाज एकदम थांबतात, तिथे माणूस श्वास रोखतो.

कोणाचा चेहरा लावणार?

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. रशियात १९२० च्या सुमारास लेव्ह कुलेशोव्ह यांनी एक प्रयोग केला. मोझुखिन ह्या नटाचा एकच निर्विकार चेहरा घेऊन तो त्यांनी तीन वेगळ्या चित्रांशी जोडला. सूपची थाळी, शवपेटी आणि एक स्त्री. असे सांगतात की, पाहणाऱ्यांना त्या एकाच चेहऱ्यात कधी भूक, कधी दुःख, कधी अभिलाषा दिसली. चेहऱ्याने काहीच केले नव्हते. अर्थ जोडणीतून आला होता.

हे अस्त्र किती धारदार आहे, ते आपल्याला इतरांपेक्षा अधिक समजायला हवे. कुलूप नसलेल्या दारानंतर लगेच नाक्यावर बसलेल्या, दाढी वाढलेल्या, काळ्यासावळ्या पोराचा शॉट लावून पाहा. त्याने काही केलेले नाही. कदाचित तो बसची वाट पाहत असेल. पण त्या जागी लागताक्षणी तो संशयित झाला. वस्तीत कुठे काही झाले की आधी कोणाच्या दारावर थाप पडते, हे आपण जाणतो. पडद्यावर झोपडपट्टी दिसली की आता गुंड येणार, ही सवय प्रेक्षकाला अशाच कटांनी लावली आहे. आपलीच मुले आपल्याच वस्तीत शूटिंग करून नकळत तोच कट मारत असतील, तर आम्ही त्यांना प्रेमाने विचारू, 'बाळा, हा चेहरा इथे कशासाठी?'

ह्यात नुसता नीतीचा प्रश्न नाही. तो कट कलेच्या दृष्टीनेही कच्चा आहे. आत कोण, ह्या प्रश्नाचे आयते उत्तर दिले की उत्कंठा संपली. आणि संशय खोटाच दाखवायचा असेल, तर पुढे त्याचा हिशेब चुकता करावा लागतो. बी. आर. चोप्रा यांच्या 'कानून' (१९६०) मध्ये एकही गाणे नव्हते. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर विसंबून एका माणसावर खुनाचा संशय घेतला जातो आणि अखेरीस पाहणाऱ्याची नजरच फसली होती, असे निघते. प्रेक्षकाच्या मनातला संशय उभा करून त्यालाच तपासायला लावणे, हे चांगल्या रहस्यपटाचे काम आहे.

साधने थोडी, चिकाटी मोठी

पैशांवाचून अडून राहू नये. क्रिस्तोफर नोलन आज जगप्रसिद्ध दिग्दर्शक आहेत. त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट 'फॉलोइंग' १९९८ सालचा. त्यातली मंडळी आठवडाभर नोकरी करीत आणि शनिवारी शूटिंग करीत. असे वर्षभर चालले. खर्च सुमारे सहा हजार डॉलर. फिल्म महाग म्हणून आधी कसून तालीम करायची आणि एकदोन टेकमध्येच शॉट घ्यायचा. तोही रहस्यपटच होता.

आज तर फिल्मचाही खर्च उरलेला नाही. शॉटकट आणि केडेनलाइव्ह ही संकलनाची सॉफ्टवेअर पूर्णपणे मोफत आहेत. डाविन्ची रिझॉल्व्ह ह्या व्यावसायिक सॉफ्टवेअरचीही एक आवृत्ती फुकट मिळते, मात्र तिला जरा दमदार संगणक लागतो. ज्यांना ह्याच क्षेत्रात पुढे जायचे आहे, त्यांच्यासाठी पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट आणि कोलकात्याची सत्यजित राय यांच्या नावाची संस्था अशा दोन सरकारी संस्था आहेत. दोन्हीकडे संकलन हा स्वतंत्र विषय शिकवतात. प्रवेश परीक्षेतून मिळतो आणि राखीव जागाही असतात. अटी आणि फी त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत नीट वाचून घ्यावी.

पालकांनाही ह्यात एक काम आहे. मुलाचा कट तयार झाला की घरातल्या सर्वांनी एकदा तो पाहावा, पण गोष्ट आधी विचारू नये. मुलाने मात्र त्या वेळी पडदा न पाहता पाहणाऱ्यांची तोंडे पाहावीत. आजीची नजर कुठे दाराकडे गेली, धाकट्याने कुठे चुळबुळ केली, ते सेकंद लिहून ठेवावेत. तिथे कट सैल आहे. आईचा हात भाजी निवडता निवडता जिथे थांबला, तिथे हात लावू नये. मग एकदा आवाज बंद करून पाहावे आणि एकदा डोळे मिटून नुसते ऐकावे. आधीचे कट पुसू नयेत, कारण पुष्कळदा चौथ्यापेक्षा दुसराच बरा निघतो. पेन ड्राइव्हवर वेगळी प्रत ठेवावी.

आणि सर्वांत शेवटी नामावली. तिला घाईत उरकू नका. जिन्यात दिवा धरणाऱ्याचे, खोली देणाऱ्या मावशींचे, फोनवर आवाज देणाऱ्या आईचे, प्रत्येकाचे नाव लिहा आणि ते वाचता येईल इतका वेळ पडद्यावर ठेवा. 'संकलन' ह्या शब्दापुढे आपले नाव पूर्ण लिहा. आडनाव गाळू नका.